बाबांचा अबोला, बारावा दिवस. भाऊ सोळाचा आहे. काय करू?

सुदामानगर_ताई

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहून राहिलेय इथे, लांबलं तर सांभाळून घ्या. घर इंदूरचंच, सुदामा नगर, खाली आम्ही आणि आजी, वर काका-काकू. मी २२ ची, एमकॉम करतेय. धाकटा भाऊ १६ चा, अकरावीत. त्याला इथे छोटू म्हणते, घरीही तेच म्हणतात आणि त्याला ते आता अजिबात आवडत नाही.

दहावी चांगली गेली त्याची, मग घरात ठरलं की जेईई. घरात ठरलं म्हणजे काय, वरच्या दादाचं एनआयटीत झालं त्याचे पेढे वाटले ना, त्या संध्याकाळी ठरलं. छोटू तेव्हा पेढाच खाऊन राहिला होता, त्याला कोणी विचारल्याचं मला तरी आठवत नाही. भंवरकुआच्या एका कोचिंगला टाकलं आणि शाळेत डमी ॲडमिशन. ज्यांना माहीत नसेल त्यांना, नाव शाळेच्या रजिस्टरात आणि पोरगं दिवसभर कोचिंगात. सकाळी सातची बॅच, दुपारी डाउट क्लास, रात्री एक वाजेपर्यंत टेबलावर. आधी शाळेच्या टीममधे कबड्डी खेळायचा, ते सुटलं. शाळेचे मित्र सुटले. काकू म्हणतात बिघडला तो संगतीने, मला विचाराल तर त्याला आता संगतच उरली नाहीये.

बारा दिवसांपूर्वी बाबांच्या फोनवर कोचिंगचा मेसेज आला की तुमचा पाल्य नऊ दिवस गैरहजर आहे. तो रोज डबा घेऊन निघत होता आणि पिपल्यापाला तलावाच्या बागेत जाऊन बसत होता. एकटा. सिगरेट नाही, पोरगी नाही, मोबाइल गेम पण नाही, नुसता बसायचा म्हणे.

बाबा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं असं आता वाटतं. ताट पुढे सरकवलं, हात धुतला आणि तेव्हापासून छोटूशी एक शब्द बोलले नाहीत. सगळं आजीमार्फत चालतं. "त्याला विचारा दूध आणणार आहे का", आणि छोटू समोर उभा, तीन फुटांवर. मग आजी मान वळवून त्याला विचारते, तो आजीला सांगतो, आजी बाबांना सांगते. हसू येईल वाचून पण घरात बसून बघा. आई काहीच बोलत नाही, कणिक मळत राहते. आणि छोटू आता जेवायलाच नऊनंतर येतो, बाबा झोपायला गेले की.

माझं विचारणं असं की घरच्यांच्या अशा वागण्याचा मुलांवर खरंच किती परिणाम होतो, की मीच जास्त विचार करतेय? आणि मधे पडू का नको?

———

मिलवाल्याचा_पोरगा

ताई, तुझं पोस्ट वाचून अर्धा तास नुसता बसलो. माझं वय आता पन्नास. वडील इथल्या कापड मिलमध्ये होते, कुठली ते राहू दे, त्या दहा-पंधरा वर्षांत एकेक करत सगळ्यांनाच कुलूप लागलं. आमची बंद झाली तेव्हा मी अकरावीतच, आणि त्याच महिन्यात सहामाहीचा निकाल आला, गणितात नापास. त्या दिवसापासून वडील बोलेनासे झाले. मिल बंद झालीये हे अख्ख्या गल्लीला माहीत, तरी रोज सकाळी डबा घेऊन निघायचे, कधी गेटवर बसायचे सगळ्यांबरोबर आणि कधी नेहरू पार्कात एकटेच. म्हणून तो बागेचा भाग वाचला तुझा आणि थांबलो.

मला सोळाव्या वर्षी काय वाटलं असेल? की हे सगळं माझ्या गणितामुळे. मिल डोळ्यासमोर बंद पडलेली दिसत होती, घरात साखर मोजून येत होती, तरी मला ठाम वाटत होतं की बाबा माझ्यामुळे गप्प आहेत. पुढची दोन वर्षं मी त्यांच्यासमोर मान वर करून बोललो नाही, मग ते अजून गप्प, मग मी अजून. नऊ वर्षांनी मला नोकरी लागली तेव्हा आई सहज बोलून गेली की अरे तुझी फी भरायला पैसे नव्हते, तुझ्यासमोर यायची लाज वाटायची त्यांना. नऊ वर्षं! एका वाक्यासाठी.

तर एकच विचारतो, रागवू नको. बाबांचं स्वतःचं काही चालू आहे का? नोकरीचं, पैशाचं, तब्येतीचं? कोचिंगची फी काही शे-दोनशे नसते.

———

छप्पनचा_भिया

एवढं काय टेंशन घेऊन राहिले यार सगळे. आमचे अण्णा थेट पट्टा काढायचे, अबोला-बिबोला काही नाही, पाच मिनिटांत विषय संपला. आम्ही बिघडलो का? दुकान चालवतोय, घर चालवतोय. आजकालच्या पोरांना जरा काही झालं की लगेच मानसिक. बाबा बोलत नाहीयेत तर बोलतील, बाप आहे तो.

———

लोकमान्यनगर_वहिनी

भिया एक सांगा, तुम्ही तुमच्या मुलाला पट्टा काढता का?

———

छप्पनचा_भिया

नाही वहिनी. एकदा हात उचलला होता, त्याने डोळे मिटून घेतले तेव्हा जे काही झालं मला, परत नाही जमलं. पण हे तुम्ही इथे काढायला नको होतं, हाहा.

———

वर्गाबाहेरची_बाई

शाळेत समुपदेशक म्हणून चौदा वर्षं झाली, माझी खोली जिन्याखाली आहे म्हणून हे नाव. थोडं लांब लिहिते.

आधी छोटूबद्दल. "बिघडला" हा शब्द घरातून काढून टाका. ज्याला मजा मारायची असते तो नऊ दिवस तलावाकाठी एकटा बसत नाही. जे झेपत नाही त्यापासून तो पळत होता, आणि ते झेपत नाही हे सांगायला त्याला घरात जागा सापडली नाही. याचा अर्थ घर वाईट आहे असा नाही हं. पुष्कळ प्रेमळ घरांत अशी जागा नसते, कारण तिथे सगळ्यांचे डोळे एकाच गोष्टीवर लागलेले असतात.

आता मेसेजचं. आईवडिलांना वाटतं हजेरीचा मेसेज आला, फोनवर लोकेशन दिसलं म्हणजे पोर आपल्या नजरेखाली आहे. स्वीडनमध्ये हाकान स्टाटिन आणि मार्गारेट कर या दोन संशोधकांनी १४ वर्षांच्या मुलांवर काम केलं होतं, २००० साली छापून आलं. आईवडिलांना मुलांबद्दल जे माहीत असतं ते येतं कुठून हे त्यांनी तपासलं. पाळत ठेवून, खोदून विचारून मिळालेलं थोडंच निघालं, बहुतेक माहिती मुलांनी आपणहून सांगितलेली होती. म्हणजे ज्या घरात पोरगं स्वतः येऊन बोलतं त्या घरालाच माहीत असतं. नऊ दिवस तुमच्याकडे मेसेज यायच्या आधी कोणाला काहीच कळलं नाही, याचं मला जास्त वाटतं.

अबोल्याबद्दल मी जरा कडक आहे. आपल्या मराठी घरांत अबोला म्हणजे सभ्य शिक्षा, मारलं तर नाही ना, शिवी तर दिली नाही ना. पण किशोरवयावर काम करणारे लोक (ब्रायन बार्बर हे त्यातलं मोठं नाव) दोन प्रकारचे धाक वेगळे धरतात. एक वागण्यावरचा, म्हणजे दहाच्या आत घरी ये, फोन रात्री बाहेरच्या खोलीत ठेव. मुलं कुरकुर करतात पण याने सहसा नुकसान होत नाही, फायदाच होतो. दुसरा मनावरचा, लाज वाटायला लावणं, उपकार मोजणं, प्रेम काढून घेणं. अबोला इथे येतो. अशा घरांतल्या मुलांमधे उदासी आणि घबराट जास्त आढळते, हे बऱ्याच देशांतल्या अभ्यासांत परत परत दिसलंय. डायना बाउमरिंड यांनी साठच्या दशकात पालकांचे प्रकार मांडले त्यातही हेच, नियम पक्के आणि माया पण पक्की असं जिथे होतं तिथली मुलं जास्त सावरलेली.

पण सगळं घरावर टाकू नका, आईला तर मुळीच नाही. मुलाचा मूळ स्वभाव असतो, मित्र असतात, झोप असते. या वयात झोपेचं घड्याळच पुढे सरकतं, रात्री लवकर झोप येत नाही हा आळस नाही, शरीराचा भाग आहे. १३ ते १८ वयात ८ ते १० तास झोप लागते. सातची बॅच आणि रात्री एकपर्यंत टेबल, करा हिशोब. त्यात कबड्डी गेली.

मिलवाल्या दादांनी जे लिहिलं त्याला तर आधार आहे. अमेरिकेत १९३० च्या मंदीत वाढलेल्या मुलांवर ग्लेन एल्डर यांनी काम केलं, त्यात हेच दिसलं की घरातला पैसा गेल्याचा घाव मुलांपर्यंत पोचला तो मुख्यतः वडिलांच्या बदललेल्या वागण्यातून, चिडचिडीतून. पोराला हिशोब कळत नाही, बापाचा चेहरा कळतो.

आणि हे नीट वाच ताई. जेवण तुटलंय, नऊनंतर येतो, ठीक, ते बाबांना टाळणं असेल. पण झोप पूर्ण उडाली, आवडत्या वस्तू वाटून टाकायला लागला, "मी नसतो तर बरं झालं असतं" असं काही बोलला, तर त्याच दिवशी हालचाल करायची. सरळ विचारायचं की जीव द्यायचा विचार येतो का. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट पोरं सुटकेचा श्वास टाकतात, हे मी माझ्या जिन्याखाली पाहिलंय. १४४१६ हा टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, सरकारी, फुकट, चोवीस तास, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. घरच्यांनी पण लावला तर चालतो. निम्हान्स या बंगळूरच्या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १३ ते १७ वयातल्या शंभरातल्या साधारण सात मुलांना मदत लागण्याइतका मानसिक त्रास होता, म्हणजे एका वर्गात तीन-चार. छोटू काही जगावेगळा नाही.

———

ड्रॉपर_भाऊ

ताई मी म्हणजे तुमचा छोटूच, फक्त चार वर्षं पुढचा. मी बागेत नव्हतो बसत, मी आयबसमधे, म्हणजे इथल्या बीआरटीएसच्या सिटी बसमधे बसायचो. राजीव गांधी चौराह्यावरून निरंजनपूर, तिथून परत, दिवसात चार-पाच चक्कर, एसी पण मिळायचा. मग तर बीआरटीएसच, म्हणजे त्या बसचा वेगळा रस्ताच, तोडायला घेतला, माझी शाळा बंद पडली म्हणा ना.

का जात नव्हतो ते सांगतो. दर टेस्टनंतर बॅच बदलते. मी वरच्या बॅचमधून खालच्या बॅचमधे गेलो, मग अजून खाली. ज्यांच्याबरोबर काल बसलो ते आज जिन्यात भेटले तर दुसरीकडे बघतात. घरी सांगायची हिंमत नाही झाली, आणि मार खाईन म्हणून नाही हं, आमच्या घरी कोणी मारत नाही. आईचा चेहरा पडेल ना, तो बघायचा नव्हता. ती मला रोज विचारायची "आज काय शिकवलं", आणि मी रोज खोटं शिकायचो. तिने एकदा जरी विचारलं असतं ना की आज दुपारी जेवलास कोणाबरोबर, तर मी तिथेच रडलो असतो.

पकडला गेलो तेव्हा आमच्याकडे पण गप्पगप्प होतं सगळं. ते फुटलं कसं माहितीये? कूलरमुळे. एप्रिल लागला होता, कूलर गच्चीवरून उतरवायचा होता, एकट्याने उतरत नाही. पप्पांनी हाक नाही मारली, नुसते जिन्यापाशी उभे राहिले. मी गेलो. मग खस काढली, जाळी घासली, टाकी धुतली, तासभर दोघं एकमेकांकडे न बघता कूलरकडे बघत होतो. आणि मधेच, हातात ब्रश, पप्पा म्हणाले "मला पण इंजिनिअरिंगचं काही कळत नाही रे". बस एवढंच. समोरासमोर सोफ्यावर बसवून विचारलं असतं तर मी अजून पण आयबसमधेच असतो.

मी ड्रॉप घेतला, म्हणजे बारावीनंतर एक वर्ष नुसती तयारी केली, परत नाही झालं, आता बीकॉम करतोय आणि बरा आहे. जेईईचं दुःख सहा महिने राहिलं, घरातलं ते गप्प राहणं जास्त दिवस राहिलं.

आणि ताई, प्लीज त्याचा फोन चेक नका करू. तुम्ही एकट्या उरल्या आहात त्याला.

———

लोकमान्यनगर_वहिनी

सगळे छोटूवर बोलताहेत, मी ताईवर बोलते. बाळा तू २२ ची आहेस. आजी निरोप्या, आई गप्प, काकू वरून टोमणे, आणि तू सगळ्यांच्या मधे बसून रात्री बाराला हे टाइप करतेयस. मोठ्या मुलीचं असंच होतं, मी पण मोठी, मला माहीत आहे. घरातल्या भांडणांची मीच पंचायत, लग्न होऊन वीस वर्षं झाली तरी माहेरी फोन वाजला की पोटात गोळा येतो, की आता कोणाचं कोणाशी. तुझा एमकॉमचा पेपर कधी आहे ते आधी सांग.

छोटूशी बोल, जरूर बोल, पण बाबांना जाऊन सांगायचं काम आईचं आहे. आईला कणकेवरून उठव. त्यांच्या दोघांच्या खोलीत, दार लावून, पंचवीस वर्षांच्या संसारात एवढं तर जमेल त्यांना. आणि आजीला म्हणावं निरोप पोचवणं बंद कर. आजीने "तूच विचार त्याला" म्हटलं ना की अर्ध्या दिवसात अबोल्याची हवा जाते. आमच्या सासूबाईंनी असंच केलं होतं एकदा, मीठ हवं तर स्वतः माग म्हणाल्या. दोन दिवस अळणी जेवले हे.

———

सुदामानगर_ताई

सगळ्यांना उत्तर द्यायचं होतं पण पेपर होता (वहिनी, कॉस्टिंगचा होता, बरा गेला).

सांगते काय झालं. मिलवाल्या दादा, तुमचं वाचून मी आईला विचारलं, बाबांचं काही चालू आहे का. आई आधी नाही नाही म्हणाली, मग रडलीच. बाबा पीथमपूरला एका कंपनीत अकाउंट्सला आहेत, तिथे दिवाळीपासून लोक कमी करून राहिलेत आणि बाबांना मार्चनंतरचं काहीच सांगितलेलं नाही. आणि कोचिंगची फी त्यांनी पीएफमधून काढून भरलीये. हे घरात आईशिवाय कोणाला माहीत नव्हतं. म्हणजे मेसेज आला तेव्हा बाबांनी काय वाचलं असेल ते मला आता कळतंय. पण छोटूला हे कळलं तर तो अजून दबेल का, म्हणून मी त्याला सांगितलं नाही. आई म्हणाली बाबांनीच सांगावं.

आजीने वहिनींचं तंत्र केलं, म्हणजे मी आजीला वाचून दाखवलं इथलं, तिला मिठाचा किस्सा फारच आवडला. दुसऱ्या दिवशी बाबा म्हणाले त्याला विचारा दळण आणलं का, तर आजी म्हणे मला ऐकू कमी येतं हल्ली. बाबा स्वतःच जाऊन दळण घेऊन आले, बोलले नाहीतच!

छोटूशी बोलले मी रात्री गच्चीवर. बाईंनी सांगितलं तसं सरळ विचारलं ते पण, माझेच हात थरथरत होते. नाही म्हणाला, तसं काही नाही, फक्त सकाळी उठावंसं वाटत नाही. फिजिक्समधे त्याला ऑक्टोबरपासून काहीच कळत नाहीये. ऑक्टोबर! मी विचारलं का नाही सांगितलं, तर म्हणतो सगळे इतकं करून राहिलेत माझ्यासाठी, कोणाला सांगू. बाईंकडे जायला तयार आहे, मी मेसेज केलाय तुम्हाला.

आणि मग कूलर. ड्रॉपर भाऊ, मार्च अर्धा पण नाही झाला, आई म्हणाली आत्ता कशाला, मी म्हटलं ऊन बघ केवढं वाढलंय. रविवारी बाबांना सांगितलं की मला एकटीला उतरत नाही. बाबा गच्चीवर गेले, मी छोटूला उठवून वर पाठवलं आणि स्वतः खाली येऊन जिन्यात बसले, ऐकायला. वीस मिनिटं नुसता जाळीचा आवाज. मग बाबांचा आवाज आला, "पाना दे."

छोटू म्हणाला कुठला.

"दहाचा."

सोळा दिवसांनी. आजी खालून मला खुणेने विचारून राहिली होती काय म्हणाला, काय म्हणाला.

मग कळलं पंप जळालाय. दोघं स्कूटरवर सियागंजला गेले पंप आणायला, आणि दोन तास आले नाहीत. सियागंजला पंप घ्यायला दोन तास लागत नाहीत. आले तेव्हा छोटूचे डोळे लाल होते आणि बाबांच्या हातात कचोरीचा पुडा. काय बोलले मला माहीत नाही, मी विचारलं पण नाही. रात्री छोटू आठ वाजता जेवायला बसला, सगळ्यांबरोबर. बाबा फारसे बोलले नाहीत, पण भाजी वाढताना त्याला नावाने हाक मारली, छोटू नाही म्हणाले.

कोचिंगचं अजून काही ठरलं नाही. तो म्हणतो बारावी रेग्युलर शाळेत करायची, बाबा म्हणतात बघू. काकू वरून विचारून गेल्या दोनदा. बोर्डाला ७५ टक्के हजेरी लागते हे माहीत आहे, पण डमीवरून बारावीला रेग्युलरमधे कोणी बदलून घेतलंय का, शाळा काय काय कागद मागतात, टीसी मिळायला किती दिवस लागतात? कोणाचा अनुभव असेल तर लिहा, सोमवारी आई आणि मी जाऊन राहिलो.

———

ड्रॉपर_भाऊ

ताई माझ्या मित्राने केलं होतं, त्याला टीसीसाठी तीन चक्कर मारायला लागल्या, फीच्या सगळ्या पावत्या सोबत ठेवा. आणि छोटूला घेऊन जा, त्याला बाहेर बाकावर बसवू नका.

———

छप्पनचा_भिया

पंप केवढ्याला पडला?